व्हिएतनाम काळातला अमेरिकी लष्करी गणवेश: बिल्ल्यांवरून वर्ष कसं काढायचं

जुनं जॅकेट हातात आलं की नजर आधी खांद्यावरच्या रंगीत बिल्ल्याकडे जाते. नव्या संग्राहकांची फसगत तिथेच होते. बिल्ला दहा मिनिटांत शिवता येतो आणि दोन मिनिटांत उसवता येतो. म्हणून माझा क्रम उलटा आहे: आधी कापड, मग लेबल, मग छातीवरच्या पट्ट्या, मग हुद्दा, आणि खांद्यावरचा बिल्ला सर्वांत शेवटी. या पाचांची साक्ष जुळली तर वस्तू खरी मानायची. एकही फितूर निघाला तर पैसे खिशातच ठेवायचे.

हा लेख अमेरिकी भूदलापुरताच, म्हणजे यूएस आर्मीपुरता आहे. मरीन आणि हवाई दलाचे नियम वेगळे आहेत. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींना हा माल फ्ली मार्केटमध्ये, इस्टेट सेलमध्ये, जुन्या आर्मी-नेव्ही सरप्लस दुकानांत सहज दिसतो. भारतातून जमवणाऱ्यांसाठी शेवटी थोडं वेगळं सांगितलं आहे.

पायरी पहिली: कापड आणि काट

त्या काळात सैनिकाच्या अंगावर साधारण तीन प्रकारचे कपडे दिसतात: रोजच्या कामाचा ओजी-१०७ युटिलिटी शर्ट, व्हिएतनामसाठी बनवलेलं पातळ जंगल जॅकेट, आणि थंडीतलं एम-६५ फील्ड जॅकेट. ओजी-१०७ हा मुळात ऑलिव्ह ग्रीन रंगाच्या छटेचा क्रमांक आहे, पण संग्राहक शर्टालाच त्या नावाने हाक मारतात.

युटिलिटी शर्ट जाड सुती सॅटीनचा असतो आणि १९५२ पासून मिळत होता. बाहीच्या टोकाला कफ नसून ती सरळ संपत असेल तर शर्ट जुन्या नमुन्याचा. बटणाचा कफ साधारण १९६४ पासूनच्या तिसऱ्या नमुन्यात आला. पॉलिएस्टर मिसळलेला ओजी-५०७ हा शर्ट १९७५ नंतरचा, म्हणजे युद्ध संपल्यानंतरचा. तो चुरगळला तरी पटकन सरळ होतो, हाताला किंचित गुळगुळीत लागतो आणि लेबलवर पॉलिएस्टर लिहिलेलं असतं. अशा शर्टावर ‘व्हिएतनाम’चा बिल्ला असेल तर तो कुणीतरी नंतर हौसेने लावलेला आहे.

जंगल जॅकेट मात्र सावकाश बघण्यासारखं आहे. त्याची मूळ कल्पना दुसऱ्या महायुद्धातल्या पॅराट्रूपरच्या १९४२ च्या गणवेशावरून घेतली होती. म्हणूनच छातीवरचे मोठे खिसे तिरके आहेत. पहिल्या नमुन्यात खिशांची बटणं उघडी, खांद्यावर पट्ट्या, कमरेला घट्ट करायचे टॅब, आणि पुढच्या बटणांच्या मागे विषारी वायू आत येऊ नये म्हणून एक जादा पट्टी. उघडी बटणं झुडपांत अडकून तुटू लागली, म्हणून दुसऱ्या नमुन्यात ती झाकणाखाली गेली. बाकी सगळं तसंच राहिलं. तिसऱ्या नमुन्यात खांदपट्ट्या, कमरेचे टॅब आणि वायूची पट्टी तिन्ही काढून टाकली. कापड सुरुवातीला साधं पॉपलिन होतं. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून बारीक चौकड्यांचं रिपस्टॉप आलं, म्हणजे कापड फाटलं तरी पुढे टरकत जाऊ नये म्हणून जाड दोऱ्यांची जाळी विणलेलं. जॅकेट उजेडासमोर धरा, चौकड्या स्पष्ट दिसतात. त्या दिसल्या आणि विकणारा ‘१९६४ चं, सल्लागाराचं’ (म्हणजे सुरुवातीच्या काळात गेलेल्या अमेरिकी लष्करी सल्लागाराचं) म्हणत असेल तर हसून पुढे जा.

एम-६५ बद्दल दोनच खुणा. अगदी सुरुवातीच्या जॅकेटांना खांदपट्ट्या नव्हत्या. आणि चेन बघा: आधी ॲल्युमिनियमची, करड्या चांदीसारखी, १९७० च्या दशकात पितळेची, पिवळसर. पितळेची चेन असलेलं जॅकेट १९६८ च्या टेट आक्रमणातलं असल्याची कथा ऐकायला छान वाटते, एवढंच.

पायरी दुसरी: लेबल, आणि त्यातला एक आकडा

लेबल मानेजवळ आत किंवा खिशाच्या आतल्या बाजूला असतं. त्यावर आकार, धुण्याच्या सूचना आणि कंत्राटाचा क्रमांक छापलेला असतो. आपल्याला हवा तो क्रमांकच.

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो साधारण असा दिसतो: डीएसए-१००-६८-सी आणि पुढे चार आकडे. यातलं ‘६८’ हे सरकारी आर्थिक वर्ष. अमेरिकेचं आर्थिक वर्ष त्या काळी १ जुलैला सुरू व्हायचं, त्यामुळे ६८ म्हणजे जुलै १९६७ ते जून १९६८. कंत्राट झाल्यावर शिलाई, मग गोदाम, मग जहाज, मग वाटप. लेबलचं वर्ष आणि सैनिकाच्या अंगावर कपडा चढल्याचं वर्ष यांत बरंच अंतर पडू शकतं. लेबल फक्त इतकंच सांगतं की वस्तू याच्या आधीची असू शकत नाही.

डीएसए हे डिफेन्स सप्लाय एजन्सीचं लघुरूप. ही संस्था १९६१ मध्ये स्थापन झाली. त्याआधीच्या कंत्राटांवर क्वार्टरमास्टरची ‘क्यूएम’ अक्षरं दिसतात. १९७७ पासून संस्थेचं नाव डिफेन्स लॉजिस्टिक्स एजन्सी झालं आणि लेबलवर डीएलए आलं. म्हणजे डीएलए दिसलं की कपडा युद्धानंतरचा, प्रश्नच मिटला.

दुसरी खूण साठा क्रमांकाची. १९७४ च्या सप्टेंबरअखेरपर्यंत तो अकरा आकडी होता. त्यानंतर मध्ये दोन आकडी देशाचा कोड घुसला आणि तो तेरा आकडी झाला. लेबल धुऊन अर्धं पुसलं असलं तरी आकड्यांची संख्या पुष्कळदा मोजता येते. बारीक भिंग आणि बाजूने तिरपा टाकलेला मोबाइलचा टॉर्च एवढ्यावर मला आजवर समाधान मिळालं आहे.

लेबल कापलेलं असेल तर? दर वेळी लबाडी नसते, सैनिकांना मानेला टोचायचं म्हणून ते कापायचे. पण मग बाकीच्या साक्षींवर दुप्पट भार येतो, हे किंमत ठरवताना लक्षात ठेवा.

पायरी तिसरी: छातीवरच्या दोन पट्ट्या

डाव्या खिशावर ‘यूएस आर्मी’ची पट्टी, उजव्या खिशावर आडनावाची. या जोडीने काळाचे दोन तुकडे अगदी सरळ पाडले आहेत.

१९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ‘यूएस आर्मी’ काळ्या पट्टीवर सोनेरी पिवळ्या अक्षरांत आणि आडनाव पांढऱ्या पट्टीवर काळ्या अक्षरांत असायचं. जंगलात ही पांढरी पट्टी म्हणजे शत्रूला दाखवलेला नेमबाजीचा पाटच. म्हणून १९६६ पासून मळकट, झाकलेल्या रंगांची चिन्हं लागू होऊ लागली. याला संग्राहक ‘सबड्यूड’ म्हणतात: ऑलिव्ह ग्रीनवर काळं. १९७० च्या मध्यापर्यंत जुनी रंगीत चिन्हं फील्ड गणवेशावरून हद्दपार व्हायची होती.

पण कुठल्याही सैन्यात आदेश निघाला त्या दिवशी सगळे कपडे बदलत नाहीत. १९६६ ते १९६९ या काळात एकाच जॅकेटवर पांढरी नावपट्टी आणि सबड्यूड बिल्ला असं मिश्रण सर्रास दिसतं आणि ते खरंही असतं. उलट १९७१ च्या लेबलच्या जॅकेटवर पिवळी-काळी पट्टी दिसली की शंका घ्यावी. नियम एका बाजूने सैल आहे, दुसऱ्या बाजूने कडक: नव्या कपड्यावर जुनं चिन्ह संशयास्पद, जुन्या कपड्यावर नवं चिन्ह स्वाभाविक. कपडा टिकला तर त्यावरची चिन्हं बदलत जातातच.

अपवादही माहीत असावेत. १०१ व्या एअरबॉर्न डिव्हिजनच्या कित्येक सैनिकांनी ओरडणाऱ्या गरुडाचा बिल्ला शेवटपर्यंत रंगीतच घातला. त्या डिव्हिजनच्या जॅकेटवर सबड्यूडचा नियम आंधळेपणाने लावाल तर चांगली वस्तू हातची जाईल.

पायरी चौथी: हुद्दा

अमेरिकी फितींचं टोक वर असतं. आपल्या हवालदाराच्या फिती टोक खाली करून बघायची सवय असलेल्याला पहिल्यांदा हे उलटं वाटतं.

काळ ठरवायला सर्वांत उपयोगी हुद्दा नेमका खालच्या हुद्द्यांपैकी एक आहे. १९६८ च्या मे महिन्यापर्यंत प्रायव्हेट फर्स्ट क्लासला एकच फीत होती. त्यानंतर त्याला एक फीत आणि खाली एक कमान मिळाली, आणि एकट्या फितीचं चिन्ह त्याच्या खालच्या प्रायव्हेटकडे गेलं. म्हणजे फीत आणि कमान या जोडीचं चिन्ह जंगल जॅकेटवर असेल तर ते १९६८ च्या मध्याआधी शिवलेलं असूच शकत नाही. त्याच वेळी कमांड सार्जंट मेजर हा हुद्दाही आला.

गरुडाचं चिन्ह असलेले ‘स्पेशलिस्ट’ हुद्दे १९५५ पासूनचे. त्यातला स्पेशलिस्ट-४ व्हिएतनामभर दिसतो, त्यामुळे एकट्याने तो वर्षाबद्दल फारसं सांगत नाही.

फिती आधी बाहीवर शिवलेल्या, मोठ्या असत. दशकाच्या शेवटी कॉलरवर टोचायचे छोटे काळे धातूचे हुद्दे आले. बाहीवर मोठ्या फितींच्या आकाराची गडद सावली आणि कॉलरवर टाचणीची भोकं असं एकाच शर्टावर दिसलं तर त्याने संक्रमणाचा काळ पाहिला आहे, असा शर्ट मी कधी सोडत नाही.

अधिकाऱ्यांचा हुद्दा उजव्या कॉलरवर, शाखेचं चिन्ह डाव्या कॉलरवर. सबड्यूडमध्ये एक गोड गोंधळ आहे: मूळ सोनेरी चिन्हं तपकिरी झाली आणि चंदेरी चिन्हं काळी. म्हणून तपकिरी पान म्हणजे मेजर, काळं पान म्हणजे लेफ्टनंट कर्नल. पन्नास वर्षांत तपकिरी दोरा उडून करडा होतो आणि विकणाऱ्याला खरोखरच कळत नाही. दोरा मागच्या बाजूने बघा, तिथे ऊन लागलेलं नसतं.

पायरी पाचवी: खांद्यावरचा बिल्ला

आता इथे यायला हरकत नाही. डावा खांदा म्हणजे सध्याची तुकडी. उजवा खांदा म्हणजे ज्या तुकडीबरोबर पूर्वी युद्धक्षेत्रात सेवा केली ती. त्यामुळे डावीकडे अमेरिकेतल्या एखाद्या प्रशिक्षण केंद्राचा बिल्ला आणि उजवीकडे फर्स्ट कॅव्हलरीचा घोडा असेल, तर हा शर्ट बहुधा व्हिएतनामला गेलेलाच नाही. माणूस जाऊन आला, शर्ट परतल्यानंतर मिळाला. विक्रेते याला ‘कॉम्बॅट शर्ट’ म्हणतात.

तुकडी ओळखली की तिचा मुक्काम बघायचा. काही तारखा पाठ असाव्यात. १७३ वी एअरबॉर्न ब्रिगेड मे १९६५ मध्ये उतरली आणि १९७१ मध्ये परतली. फर्स्ट कॅव्हलरी १९६५ च्या सप्टेंबरमध्ये आली, तिचा मोठा भाग १९७१ मध्ये गेला, एक ब्रिगेड १९७२ पर्यंत राहिली. पहिली इन्फन्ट्री डिव्हिजन १९६५ ते १९७०. नववी १९६६ च्या अखेरीस आली, मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात लढली, १९६९ पासून परतू लागली. चार पांढऱ्या ताऱ्यांची अमेरिकल डिव्हिजन व्हिएतनाममध्ये सप्टेंबर १९६७ मध्ये उभी राहिली आणि १९७१ मध्ये विसर्जित झाली. पण हाच बिल्ला दुसऱ्या महायुद्धातही होता, त्यामुळे सुटा अमेरिकल बिल्ला विकत घेताना दुप्पट काळजी.

सल्लागार आणि मुख्यालयांच्या बिल्ल्यांत एमएसीव्हीचा, म्हणजे व्हिएतनाममधल्या अमेरिकी लष्करी मदत कमांडचा बिल्ला मला सर्वांत बोलका वाटतो. लाल ढाल, त्यावर पिवळी बुरुजांची तटबंदी, तटबंदीला खिंडार आणि खिंडारात उभी तलवार. अधिकृत अर्थ असा की तटबंदीपलीकडून, म्हणजे चीनच्या भिंतीपलीकडून येणारी घुसखोरी अमेरिकी मदतीच्या तलवारीने अडवली आहे. एमएसीव्हीची स्थापना फेब्रुवारी १९६२, शेवट मार्च १९७३. वॉशिंग्टनची मनोभूमिका वाचायची असेल तर हा एवढा कापडाचा तुकडा पुरे आहे.

आता बिल्ल्याची बनावट. अमेरिकेत बनलेले जुने बिल्ले कडेने नुसते कापलेले असायचे. १९६० च्या दशकात मेरो यंत्रावर विणलेली जाड गोल कड रूढ होत गेली. दोन्ही प्रकार काही वर्षं एकत्र चालले, म्हणून नुसत्या कडेवरून निकाल देऊ नका. पाठीला वितळवून चिकटवलेला प्लास्टिकचा थर मात्र नंतरच्या काळाची खूण.

दुसरा मोठा गट स्थानिक बनावटीचा. सायगावपासून छावण्यांच्या दारातल्या शिंप्यांपर्यंत व्हिएतनामी कारागीर हाताने किंवा पायाच्या मशीनवर बिल्ले भरायचे. त्यात घोड्याचं डोकं थोडं बोकडासारखं, तारे असमान, मागे दोऱ्यांच्या लांब उड्या, अस्तराला हाताला लागेल ते कापड. हा ओबडधोबडपणा संग्राहकांना आवडतो, आणि म्हणूनच आजही त्याच पद्धतीने नवे बिल्ले तयार होतात. स्पेशल फोर्सेस आणि एसओजी या गुप्त गटाचे बिल्ले तर इतके बनावट निघतात की पक्की माहिती आणि मूळ मालकाचा कागद नसेल तर मी ते बघतही नाही. गुप्त मोहिमेवर जाणारी माणसं अनेकदा कुठलंच चिन्ह न लावता जायची, हे तरी विक्रेत्याने लक्षात घ्यावं.

जॅकेट आतून बघा

इथे घाई करू नका. बाही उलटी करा. बिल्ल्याची शिवण आतून दिसते. दोऱ्याचा रंग, टाक्यांची लांबी, आणि त्याच जागी आधीच्या शिवणीची रिकामी भोकं आहेत का ते पाहा. मग बोथट चिमट्याने बिल्ल्याची कड किंचित उचला. उन्हात वर्षभर घातलेल्या जॅकेटवर बिल्ल्याखालचं कापड गडद राहिलेलं असतं. बिल्ल्याखालचं कापड बाहेरच्याइतकंच फिकं असेल तर बिल्ला कापड फिकं झाल्यानंतर आला. नावपट्टीकडेही असंच बघा. पट्टीचं कापड आणि शर्टाचं कापड धुण्यात वेगवेगळं आक्रसतं, म्हणून खरी जुनी पट्टी कडेने चुण्या पाडते. पट्टी इस्त्री केल्यासारखी सपाट आणि शर्ट मात्र दहा वेळा धुतलेला, हे पटत नाही.

काळ्या प्रकाशाचा, म्हणजे अतिनील (यूव्ही) दिवा अनेकजण वापरतात. नवे सिंथेटिक दोरे त्यात झगझगीत उजळतात हे खरं. पण आजच्या साबणातली चकाकी देणारी रसायनं जुन्या सुती कापडालाही उजळवतात, त्यामुळे हा पुरावा एकटा उभा राहत नाही.

आता धोब्याच्या खुणा. शर्टाच्या आत किंवा कमरेच्या पट्टीवर शाईने आडनावाचं पहिलं अक्षर आणि चार आकडे लिहिलेले असतात, ते सैनिकाच्या क्रमांकाचे शेवटचे चार. कधी कधी पूर्ण क्रमांकही सापडतो, आणि तो दागिन्यापेक्षा मोलाचा. १ जुलै १९६९ पासून आर्मीने जुने सेवा क्रमांक सोडून सोशल सिक्युरिटी क्रमांक वापरायला सुरुवात केली. ‘आरए’ हे नियमित सैनिकाचं आणि ‘यूएस’ हे सक्तीच्या भरतीतल्या सैनिकाचं अक्षर लावलेला क्रमांक दिसला तर तो त्याआधीचा. नऊ आकडी सोशल सिक्युरिटी क्रमांक दिसला तर नंतरचा. असा नऊ आकडी क्रमांक फोटोत कधीही दाखवू नका. माणूस कदाचित हयात असेल.

नाव आणि क्रमांक हाती लागला तर सेंट लुईसच्या राष्ट्रीय लष्करी नोंद केंद्राकडे अर्ज करता येतो. १९७३ च्या आगीत तिथल्या आर्मीच्या पुष्कळ नोंदी जळाल्या, पण त्या १९६० च्या आधी सेवा सोडलेल्यांच्या. व्हिएतनामवाल्यांच्या नोंदी त्यातून वाचल्या. सेवा सोडून ६२ वर्षं झाली की नोंद सार्वजनिक होते. तोवर बाहेरच्या माणसाला नेमणुका, हुद्दे, पदकं अशी मर्यादित माहिती मिळते. एवढीही बहुतेक वेळा पुरते.

एक जॅकेट वाचून पाहू

समजा, तिसऱ्या नमुन्याचं रिपस्टॉप जॅकेट आहे. लेबलवर ६९, म्हणजे कंत्राट जुलै १९६८ ते जून १९६९ मधलं. दोन्ही पट्ट्या हिरव्यावर काळ्या. बाहीवर फीत आणि कमान, म्हणजे १९६८ नंतरचा प्रायव्हेट फर्स्ट क्लास. डाव्या खांद्यावर २५ व्या डिव्हिजनचं पान आणि वीज; सैनिक त्याला थट्टेने ‘विजेची स्ट्रॉबेरी’ म्हणायचे. ही डिव्हिजन १९६६ मध्ये आली आणि तिचा मोठा भाग डिसेंबर १९७० मध्ये गेला. उजवा खांदा मोकळा. आत धोब्याची खूण एक अक्षर आणि चार आकडे.

सगळे पुरावे एकमेकांवर ठेवले की खिडकी १९६९ ते १९७० एवढी अरुंद होते. उजवा खांदा मोकळा, म्हणजे युद्धक्षेत्रातली पहिलीच फेरी (नेमणूक). आर्मीची फेरी एका वर्षाची, हुद्दा खालचा, म्हणजे बहुधा आल्यानंतरच्या महिन्यांत शिवलेलं. आता कल्पना करा की याच जॅकेटवर कुणी पिवळी-काळी ‘यूएस आर्मी’ पट्टी लावली आहे. बाकी चार साक्षी एका बाजूला, ही एक दुसऱ्या बाजूला. कड उचलून सावली बघितल्याशिवाय मी पुढे बोलणारही नाही.

समारंभाचा कोट, थोडक्यात

हिरव्या ड्रेस कोटावर वाचायला सर्वांत जास्त मजकूर असतो. उजव्या बाहीच्या खालची प्रत्येक आडवी पट्टी म्हणजे परदेशातल्या युद्धक्षेत्रातले सहा महिने. दोन पट्ट्या म्हणजे एक फेरी. व्हिएतनाम सेवा पदकाची पिवळी-हिरवी-लाल रिबन जुलै १९६५ नंतरच मिळू शकते. त्याआधी गेलेल्यांना सशस्त्र दलांच्या मोहीम पदकाची रिबन मिळे. मेरिटोरियस सर्व्हिस मेडल १९६९ पासूनचं. कोटावर सर्वोच्च शौर्याचं मेडल ऑफ ऑनर विकायला दिसलं तर हातही लावू नका, अमेरिकेत त्याची खरेदी-विक्री गुन्हा आहे.

भारतातून जमवताना

वापरलेल्या कपड्यांच्या आयातीवर भारतात निर्बंध आहेत, त्यामुळे पूर्ण गणवेश टपालाने मागवाल तर तो कस्टम्समध्ये अडकण्याची शक्यता धरूनच चला. सुरुवात सुट्या बिल्ल्यांनी आणि पट्ट्यांनी करावी. डोळा तयार व्हायला त्या पुरतात, आणि त्या डोळ्याने अमेरिकेतल्या नातेवाइकाला फोटोवरून सल्ला देता येतो. फोटो मागताना पाच मागा: पुढून, मागून, लेबल, बिल्ल्याची आतली शिवण, आणि नावपट्टीची जवळून कड. पाचवा द्यायला टाळाटाळ होत असेल तर व्यवहार सोडा.

मुंबईत किंवा कोकणात ठेवायचं असेल तर खरा शत्रू पावसाळा आहे. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नका, बुरशी तिथेच धरते. आम्लमुक्त कागदात सैल घडी, घडीच्या जागा दर काही महिन्यांनी बदललेल्या, पेटीत सिलिका जेल, आणि डांबराच्या गोळ्या कापडाला न टेकता. आणि धुवायचं नाही. घामाचा डाग, लाल मातीचा थर, शाईची खूण हे सगळं धुण्यात जातं. नेमका तोच भाग पुढच्या खरेदीदाराला हवा असतो.